पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून पहिल्यांदाच गाडी नेणार आहे. सर्व्हिसिंग करून घेतलं की पुरे का?

तुमचा प्रश्न वाचला. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक सेकंडहँड घेतली आहे, गणपतीला आई-बाबा, बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याहून चिपळूणला जायचं आहे, शहरात हात बसलाय पण घाट कधी उतरलेला नाही. मी बरीच वर्षं पुणे-कोकण टुरिस्ट गाडी चालवतोय आणि गाडीच्या कामाला गॅरेजमध्ये स्वतः उभा राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसतं सर्व्हिसिंग पुरे नाही. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की इंजिन ऑईल आणि फिल्टर बदलतात, कूलंट बघतात, गाडी धुऊन देतात. इंजिन नीट चालावं यासाठी ते हवंच. पण कुंभार्लीत तुम्हाला गाडी चालण्याची नाही, थांबण्याची काळजी करायची आहे, आणि ब्रेकचं काम आपण स्वतः मागितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी पूर्ण होत नाही. ब्रेक ऑईल कमी दिसलं तर वरून थोडं ओततात आणि ‘ओके’ म्हणून बोनेट लावतात.

तर पहिलं काम ब्रेक ऑईलचं. बोनेट उघडलं की मागच्या बाजूला काचेजवळ एक छोटी पांढरट प्लास्टिकची बाटली दिसेल, तिच्यावर कमी-जास्तच्या दोन खुणा असतात. नवं ऑईल फिकट पिवळसर असतं. तुमच्या बाटलीत ते कोऱ्या चहासारखं काळपट दिसत असेल, तर मागच्या मालकाने ते बदललेलंच नाही असं समजा. रंग बरा दिसला तरी सेकंडहँड गाडीत मी ते बदलूनच घेतो, कारण शेवटचं कधी बदललं हे आपल्याला माहीत नसतं. हे ऑईल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हाच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उतारावर सतत ब्रेक दाबून चाकामागची ब्रेकची डिस्क तापली की ती उष्णता ऑईलपर्यंत पोचते, ऑईल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल थेट खाली जातं आणि चाकाला काहीच लागत नाही. याला लोक ‘ब्रेक फेल’ म्हणतात. बऱ्याचदा तुटलेलं काहीच नसतं, ऑईल उकळलेलं असतं.

हे मी पोफळीला, घाट संपतो तिथे, जवळून पाहिलंय. एक गाडी कडेला उभी, पुढच्या दोन्ही चाकांतून धूर आणि जळका, नाकात बसणारा वास. गाडीतले गृहस्थ बाटलीतलं पाणी चाकावर ओतत होते आणि चर्र करून वाफ उठत होती. त्यांना आधी ते थांबवायला सांगितलं, कारण लालबुंद तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होते, क्वचित तडकतेही. मग आत बसून पेडल दाबलं तर ते तळाला टेकलं, पायाला जाणवण्यासारखा विरोधच नव्हता. अर्ध्या तासाने गाडी गार झाल्यावर तेच पेडल पुन्हा कडक लागलं. डिस्कला आवळणारे ब्रेकचे पॅड चांगले होते, ऑईल मात्र काळंभोर. आणि ते सांगत होते की अख्खा घाट चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरलो. शेवटच्या वळणानंतर पेडल गेलं म्हणून ती माणसं वाचली.

म्हणून गॅरेजमध्ये स्पष्ट सांगा: जुनं ऑईल पूर्ण काढून, चारही चाकांवरून ब्लीड करून, म्हणजे लाइनमधली हवा काढून, नवं भरा. बाटलीच्या झाकणावर जी प्रत लिहिली असेल तीच, आणि डबा सीलबंद असेल तो तुमच्यासमोर फोडायला लावा. काही शे रुपयांचं काम आहे. त्याच वेळी चाकं उघडून पुढचे पॅड आणि मागच्या ब्रेकचे लायनर बघून घ्या. पॅड तीन मिलिमीटरवर आले असतील तर ‘अजून दोन हजार किलोमीटर जातील’ हे ऐकू नका. हँडब्रेक किती वर येतो तेही तपासा, घाटात तो तुमचा दुसरा ब्रेक आहे.

आता उतरण्याबद्दल. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये चढ चढशील त्याच गिअरमध्ये उतर, आणि माझ्या मते नवख्याला याहून चांगला नियम नाही. घाटाआधीचं हेळवाक गाव सोडून घाटमाथा आला की उतार सुरू होण्याआधीच तिसरा टाका, तीव्र वळणं सुरू झाली की दुसरा. पाय रेसवरून काढा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. आवाज वाढेल, आरपीएमचा काटा तीन हजारांच्या वर जाईल, आई मागून विचारेल की गाडी एवढी का ओरडतेय. ओरडू द्या, इंजिनाला त्याने काही होत नाही. पेट्रोलही जळत नाही, कारण आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना रेस सोडली की इंधन बंद होतं. न्यूट्रल करून गाडी सोडली तर उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण वाचत काहीच नाही आणि गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर राहते. क्लच दाबून उतरणं म्हणजेही तेच.

ब्रेक लागेलच. पण पाय हलका टेकवून ठेवू नका. वळणाआधी सरळ रस्त्यावर नीट दाबा, वेग पुरेसा उतरवा, आणि पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. वळणात शिरल्यावर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक नको. तुमची गाडी २०१६ ची आहे. सगळ्या नव्या कार्सना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे तुमच्यात आहे का ते आधी बघा. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर त्याचा दिवा पेटून विझायला हवा. असेल तर संकटात पेडल पूर्ण दाबून धरा, पायाखाली थरथर जाणवेल, घाबरून सोडू नका. नसेल आणि चाकं जाम होऊन गाडी घसरू लागली, तर पेडल क्षणभर ढिलं करा, स्टिअरिंग परत हातात येईल.

आणि समजा पेडल खाली गेलंच, तर चटकन पुन्हा पुन्हा दाबा, थोडा दाब बहुधा तयार होतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, एकदम ओढलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर लॉकच होतं. काहीच जमलं नाही तर गाडी डोंगराकडच्या गटारात घाला किंवा दरडीला घासा. पत्रा गेला तर जाऊ दे.

टायरचं थोडक्यात. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. ३८१६ असेल तर तो २०१६ सालच्या ३८ व्या आठवड्यात बनलेला. टायर तितके जुने निघाले तर नक्षी कितीही दिसो, बदला, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर धरत नाही. नक्षीची कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसात कोकणात जाणारी गाडी मी तीन मिलिमीटरखाली ठेवत नाही. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे. पाच माणसं आणि सामान म्हणजे पूर्ण भाराचा आकडा घ्या, आणि हवा टायर गार असताना भरा. स्टेपनीतही भरा. वायपरचे रबर नवे टाका.

घाटात ढग खाली उतरला की पुढची गाडी दिसत नाही. तेव्हा हेडलाइट खालच्या बीमवर ठेवा. वरचा बीम धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका. पुण्या-मुंबईचे बरेच लोक पाऊस आला की हेच करतात, आणि मागच्याला कळत नाही की गाडी उभी आहे, वळतेय की चाललीय. ते दिवे गाडी थांबल्यावर लावायचे. आतून काच धुरकट झाली की एसी सुरू करून हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घ्या. फडक्याने पुसत चालवू नका. वळणाआधी हॉर्न द्या, पण आपली बाजू सोडू नका. एसटी किंवा ट्रक समोरून वर येताना दिसला तर वळणाच्या अलीकडेच थांबा. त्याला वळायला पूर्ण रस्ता लागतो, आणि अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमही आहे.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. वाशिष्ठी नदीचं पाणी किती वेगाने चढतं हे चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ च्या पुरात पाहिलंय. फूटभर वाहतं पाणीही छोटी गाडी सरकवू शकतं, आणि खाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च पार इंजिन उघडण्यावर जातो. ढकलून बाहेर काढा, मेकॅनिकला बोलवा.

मुलीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी लिहितो. तिला पुढे मांडीवर घेऊन बसवू नका, मग ती कितीही रडो. एअरबॅग फुटली तर मांडीवरचं मूल तिच्या आणि मोठ्या माणसाच्या मध्ये सापडतं. मागे चाइल्ड सीट लावा आणि आई-बाबांनाही पट्टे लावायला लावा. मागच्या सीटवरचा पट्टा कायद्याने सक्तीचा आहेच, पण दंडापेक्षा हे सांगा की टक्कर झाली तर मागचं माणूस सगळ्या वजनानिशी पुढच्यावर येऊन आदळतं. म्हातारी माणसं पट्टा टोचतो म्हणतात. पुण्यातल्या पुण्यात दोन-चार दिवस लावायची सवय केली की कुरकुर थांबते.

निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी लवकर, एकट्याने, गाडी जुन्या कात्रज घाटात न्या. नव्या बोगद्याच्या रस्त्याने नको, वरच्या जुन्या रस्त्याने. उतारावर तिसऱ्यात रेस सोडून बघा गाडी किती वेगावर स्थिर राहते, मग दुसऱ्यात बघा. खाली आल्यावर गाडी थांबवून पुढच्या चाकाजवळ नाक न्या. जळका वास आला तर तुम्ही ब्रेक जास्त वापरलात, परत वर जाऊन पुन्हा उतरा. आणि नवं ऑईल भरूनही पेडल मऊ, स्पंजसारखं लागत असेल तर गाडी गॅरेजला परत न्या, लाइनमध्ये हवा राहिली आहे. तो दोष निघेपर्यंत कुंभार्लीला जाऊ नका, यंदा गणपतीला एसटीने जा.