वाचकांचे प्रश्न : कला-व्यवसायांसाठी स्थानिक धोरण

प्रश्न : आमच्या नगरपालिकेने सांस्कृतिक आणि सर्जनशील उद्योगांसाठी पाच वर्षांचे धोरण करायचे ठरवले आहे. समितीतल्या बहुतेकांना आधी एक मोठे कलासंकुल हवे आहे. सुरुवात तिथून करावी का?

उत्तर : नको. इमारतीसाठी निधी एकदाच मिळतो, पण वीज, देखभाल आणि पगार दरवर्षी लागतात, आणि त्यांची तरतूद बहुतेक वेळा कुणी केलेलीच नसते. ब्रिटनमधल्या शेफील्डने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. १९८०च्या दशकात तिथल्या पालिकेने जुन्या औद्योगिक भागात संगीतकारांसाठी तालमीची आणि ध्वनिमुद्रणाची जागा सुरू केली. ती कामाची जागा होती, तिची गरज रोजची होती. पुढे त्याच भागात लोकप्रिय संगीताचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. मार्च १९९९ मध्ये ते खुले झाले. वर्षाला चार लाख प्रेक्षकांची अपेक्षा धरली होती. तेवढे आले नाहीत आणि २००० साली केंद्र बंद पडले. आज ती वास्तू विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेकडे आहे. प्रेक्षकसंख्येचा अंदाज चुकला की सगळा हिशोब कोसळतो, हे तिथे दिसले.

म्हणून पहिले सहा महिने मोजणीला द्या. सरकारी आकडेवारीत नोंदणी झालेले व्यवसाय दिसतात, पण या क्षेत्रातली कितीतरी माणसे एकेकटी, अर्धवेळ किंवा कामापुरती राबत असतात. शिवाय भरतकाम करणारी कारागीर ‘वस्त्रोद्योगा’त मोजली जाते, कारखान्यातला डिझायनर त्या कारखान्याच्या खात्यात जातो.

यावर उपाय सोपा आहे. ओळखीच्या पंधरा-वीस जणांपासून सुरुवात करा. प्रत्येकाला तीन नावे विचारा : कच्चा माल कुणाकडून घेता, यंत्र किंवा वाद्य कोण दुरुस्त करते, काम वाढले की कुणाला बोलावता? मिळालेल्या नावांकडे जा, तेच प्रश्न विचारा. नवी नावे येईनाशी झाली की थांबा. मात्र सुरुवातीचे सगळे एकाच कलेतले किंवा एकाच वस्तीतले घेतलेत, तर मोजणी तिथल्या तिथेच फिरत राहते. प्रश्नावली बारा प्रश्नांच्या आत ठेवा. उत्पन्न नेमके विचारू नका, टप्पे द्या. नेमका आकडा विचारला की लोक हात आखडता घेतात. भाडेकरार किती महिन्यांचा आणि बिलाचे पैसे किती दिवसांनी हाती पडतात, हे दोन प्रश्न मात्र गाळू नका. आमच्या मते धोरणाचा अर्धा मजकूर याच उत्तरांतून निघतो.

कोणते व्यवसाय सर्जनशील मानायचे, याची दुसऱ्या देशाची यादी जशीच्या तशी उचलण्याचा मोहही टाळा. ब्रिटिश सरकारने १९९८ साली तेरा क्षेत्रे ठरवली, तीत सॉफ्टवेअरही होते. तसे केले की एकूण आकडा फुगतो आणि कुंभार, वाद्ये घडवणारे त्यात हरवून जातात. त्याऐवजी युनेस्कोने २००९च्या सांख्यिकी चौकटीत मांडलेली साखळी घ्या : निर्मिती, उत्पादन, वितरण, सादरीकरण आणि आस्वाद. प्रत्येक कलेसाठी या साखळीतली कोणती कडी शहरात नाही ते लिहून काढा. चित्रकार भरपूर पण चौकटी करणारा एकही नाही, अशी तुटलेली कडी सापडली, तर ती जोडायला संकुलापेक्षा कितीतरी कमी पैसा लागतो.

प्रश्न : अनुदान योजना आखली, पण अर्ज तेच ते ठरावीक लोक करतात. काय चुकते?

उत्तर : बहुधा पैसे देण्याची पद्धत. ‘आधी खर्च करा, पावत्या द्या, मग परतावा’ या नियमाने ज्याच्या गाठीला पैसा आहे तोच अर्ज करू शकतो. करार होताच ५० टक्के, काम निम्मे झाल्यावर ४० आणि छोट्या अहवालानंतर १० टक्के अशी विभागणी ठेवा. अर्ज दोन पानांचा हवा, आणि अर्जदाराच्या स्वतःच्या मेहनतान्याला अंदाजपत्रकात जागा हवी. ते कलम नसले की लोक साहित्याचा खर्च फुगवून त्यातून मजुरी काढतात आणि हिशोब खोटे होतात.

अनुदानापेक्षा मोठा पैसा पालिकेच्या खरेदीत असतो : फलक, पुस्तिका, छायाचित्रे, समारंभ, फर्निचर. पण निविदेत मोठ्या उलाढालीची अट असते आणि छोटे कारागीर दारातच अडतात. कामाचे लहान भाग पाडा, अशा भागांना उलाढालीची अट लावू नका, तीस दिवसांत बिल चुकते करा. नमुना फुकट मागू नका. निवडलेल्या तीन-चार जणांना नमुन्याचे पैसे द्या. करारात स्वामित्वहक्क कलाकाराकडेच ठेवून वापराचा काळ आणि हेतू लिहा. ‘सर्व हक्क कायमचे’ हे कलम सवयीने घातले जाते, आणि कलाकाराची पुढची कमाई तिथेच संपते.

प्रश्न : रिकाम्या सरकारी खोल्या कलाकारांना द्यायच्या आहेत. काय पाहावे?

उत्तर : आधी कराराची मुदत. अकरा महिन्यांच्या भाड्यावर कुणी भट्टी किंवा छपाईयंत्र बसवणार नाही. पाच ते दहा वर्षे द्या आणि भाडेवाढीचे सूत्र आधीच लिहून ठेवा. मग खोली आणि काम यांची जोडी जमवा. मोठ्या विद्युतभट्टीला थ्री-फेज वीज आणि धूर-वाफा बाहेर काढणारी वायुवीजन व्यवस्था लागते. जड छपाईयंत्र वरच्या मजल्यावर न्यायचे, तर फरशी किती भार पेलते ते स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या. ढोल आणि बास गिटार यांचा खालच्या पट्टीतला आवाज भिंती-छतांच्या सांगाड्यातून पसरतो. भिंतीवर फोम चिकटवून तो अडत नाही, फक्त खोलीतला घुमारा कमी होतो. त्यासाठी जमीन आणि भिंती मूळ बांधकामापासून अलग कराव्या लागतात. ते परवडत नसेल तर तालमीची खोली तळमजल्यावर, शेजाऱ्यांपासून दूर ठेवा.

शेजारी नंतर राहायला आले आणि त्यांनी आवाजाची तक्रार केली, तर? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत हे तत्त्व आणले की बदल जो घडवतो, आवाज अडवण्याची तजवीज त्याने करायची. जुन्या संगीतस्थळाजवळ नवी घरे बांधणाऱ्याने ध्वनिरोधनाचा खर्च सोसायचा. तुमच्या विकास नियमावलीत असे कलम बसते का, ते नगररचना विभागाला आजच विचारा. त्यासाठी पालिकेला स्वतंत्र निधी लागत नाही.

प्रश्न : युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात जावे का?

उत्तर : २००४ पासून चालणाऱ्या या जाळ्यातून इतर शहरांशी ओळखी मिळतात, अनुदान मिळत नाही, उलट दर चार वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. मोजणी झाली असेल, काम सांभाळायला एक पूर्णवेळ माणूस असेल, तर जरूर अर्ज करा. नाहीतर पहिल्या तीन वर्षांत बिलांचा विलंब किती दिवसांवर आला, किती कलाकार अजून त्याच जागेत काम करत आहेत आणि त्यांचे मध्यक उत्पन्न (सगळ्यांची उत्पन्ने क्रमाने लावली की मधोमध येणारे) किती, एवढे मोजत राहा. सरासरी घेऊ नका. दोन-चार मोठ्या कंपन्या ती वर ओढतात.