अकरा बाइटचा हिशोब सोळा कसा झाला?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचा सोलापुरात अक्कलकोट रोडला चादरीचा छोटा कारखाना आहे, २४ जकार्ड माग, दोन पाळ्या. मी ईएसपी३२ (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) वापरून प्रत्येक पाळीची नोंद ठेवणारी डबी केलीय. माग नंबर, पाळी, तारीख, किती पिक (आडवे धागे) पडले, धागा किती वेळा तुटला, एवढंच. नोंदी ३२ केबीच्या ईईप्रॉम चिपवर (लाइट गेली तरी लिहिलेलं राहतं ती) जातात. आधी जेसॉनमध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्यापुढे त्याचं नाव असलेल्या मजकुरात लिहिल्या, पप्पांनाही वाचता यावं म्हणून नावं मराठीत ठेवली, तर सहाव्या दिवशी चिप भरली. मग सरळ सी भाषेतला स्ट्रक्ट, म्हणजे एका नोंदीच्या सगळ्या आकड्यांचा गठ्ठा, जसाच्या तसा चिपवर टाकला, माझ्या हिशोबाने ११ बाइट व्हायला पाहिजेत तर १६ होतात, आणि मोबाइलच्या अॅपमध्ये वाचलं की तारीख २०५८ सालची येते. त्यात उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा शेवटची नोंद अर्धवट राहते. लै डोकं खाल्लंय ह्याने. स्वतःचा फॉरमॅट करायचा तर नीट कसा करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं तर तुमची एक जेसॉन नोंद कागदावर मांडून बाइट मोजले. यंत्रमाग १७, पाळी २, तारीख २१ जानेवारी २०२५, पिक ४८२१०, धागातुटी ९. पूर्ण नोंद १२६ बाइटची भरते आणि त्यातले ८४ बाइट नुसत्या नावांचे आहेत, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-अनुस्वार सगळं वेगळं मोजायचं, म्हणजे ‘यंत्रमाग’ हा एकच शब्द २४ बाइटचा आणि त्याच्यापुढचं १७ फक्त २ बाइटचं. हीच नावं प्रत्येक नोंदीत परत परत. ३२,७६८ भागिले १२६ केलं की २६० नोंदी बसतात, तुमच्या रोजच्या ४८, म्हणजे सहाव्या दिवशी चिप भरणारच होती.

आता नावं काढून टाकायची म्हणजे काय करायचं हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्या मागावरच ते दोनशे वर्षांपासून चाललंय. जकार्डच्या पुठ्ठ्यावर कुठे ‘मोराचा पिसारा’ असं लिहिलेलं नसतं, भोक आहे किंवा नाही एवढंच, आणि कुठल्या भोकाचा कुठला हूक हे मागाला आणि पुठ्ठा पाडणाऱ्याला आधीच माहीत असतं. बायनरी फॉरमॅट हा तोच करार आहे. अर्थ फाइलमधून बाहेर काढला म्हणून जागा वाचते, पण मग तो अर्थ दुसरीकडे कुठेतरी लिहिलेला असायलाच पाहिजे, ह्यावर मी शेवटी परत येते.

आधी तुमचा स्ट्रक्ट. माग २ बाइट, पाळी १, तारीख २, पिक ४, तुटी २ असं तुम्ही धरलं असेल तर बेरीज अकराच येते, बरोबरच आहे. पण कंपायलर (तुमचा कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) दोन बाइटचा आकडा मेमरीतल्या सम पत्त्यावर आणि चार बाइटचा आकडा चारच्या पाढ्यातल्या पत्त्यावर ठेवतो, मध्ये जागा सोडतो, आणि शेवटीही भर घालून १६ करतो. त्या सोडलेल्या जागेत काय कचरा असेल त्याची खात्री नाही. आणि उद्या तुम्ही स्ट्रक्टमधल्या दोन ओळी खालीवर केल्या तर जुन्या सगळ्या नोंदी चुकीच्या वाचल्या जातील, एरर पण येणार नाही. म्हणून स्ट्रक्ट कधी तसाच ओतू नका, एकेक आकडा हाताने बाइटमध्ये फोडून लिहा.

तारखेचं कोडं तर सोपं निघालं. तुम्ही १ जानेवारी २०२० पासूनचे दिवस दोन बाइटमध्ये ठेवलेत असं धरलं तर २१ जानेवारी २०२५ म्हणजे १८४७, म्हणजे सात वेळा २५६ अधिक ५५. ईएसपी३२ छोटा बाइट, म्हणजे एककाकडचा, आधी लिहितो, चिपवर ५५, ७ असं पडतं. अॅप जावातलं असेल तर जावाचा बाइटबफर तुम्ही काही सांगितलं नाही तर मोठा बाइट आधी धरतो, त्याने ५५ गुणिले २५६ अधिक ७ केलं, १४०८७ दिवस झाले आणि तारीख जुलै २०५८ ला गेली. तुम्हाला दिसलेलं साल तेच आहे म्हणून माझा अंदाज बरोबर असणार. अॅपमध्ये क्रम स्पष्ट सांगा, एका ओळीचं काम आहे.

आता माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी ठरावीक १६ बाइटचीच नोंद बरी, पण ते १६ तुम्ही ठरवलेले पाहिजेत. पहिला बाइट फॉरमॅटच्या आवृत्तीचा, मग माग, मग पाळी, दोन बाइट तारीख, चार बाइट पिक, दोन बाइट तुटी, तीन बाइट राखीव शून्य, शेवटचे दोन तपासणीचे. पिकला दोन बाइट पुरतील असं वाटतं कारण तुमचा आकडा ४८ हजारांचा आहे, पण मिनिटाला १२० पिकने माग १२ तास न थांबता चालला तर ८६,४०० होतात आणि दोन बाइट ६५,५३५ ला संपतात, त्यानंतर आकडा शून्यापासून सुरू होतो आणि ज्या कामगाराने सगळ्यात जास्त काम केलं त्याचंच काम सगळ्यात कमी दिसतं. पगाराचा हिशोब त्यावर करणार असाल तर हा अन्याय आहे, इथे दोन बाइट वाचवू नका.

सोळाच का, तर ह्या चिपचं पान, म्हणजे एका दमात लिहिता येणारा तुकडा, ६४ बाइटचं असतं. एका दमात लिहिताना नोंद पानाच्या कडेवर आली तर चिप पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला वळते आणि तिथली जुनी नोंद खोडून टाकते. अकरा बाइटच्या नोंदीत हे सहाव्या नोंदीलाच होईल. सोळाच्या चार बरोबर एका पानात बसतात. पहिलं पान माहितीसाठी सोडलं तरी २०४४ नोंदी, म्हणजे ४२ दिवस. महिन्यातून एकदा मोबाइल लावला तरी पुरे.

कमीजास्त लांबीचे आकडे वापरायची पण एक युक्ती आहे, गूगलच्या प्रोटोकॉल बफर्समध्ये तीच आहे, प्रत्येक बाइटचे सात बिट आकड्याला आणि आठवा ‘अजून पुढे आहे’ हे सांगायला. त्यात ४८२१० चे २१०, २४८, २ असे तीन बाइट होतात. छान आहे, पण मग शंभरावी नोंद कुठे सुरू होते ते शोधायला आधीच्या नव्व्याण्णव वाचाव्या लागतात, आणि मध्ये एक बिघडली की पुढचं सगळं हलतं. लाइट जाणाऱ्या गावात मला ते नको वाटतं. उद्या नोंदीत नोंद, याद्या, कधी असणारी कधी नसणारी माहिती असं काही आलं तर स्वतःचं काही करत बसू नका, सीबोर हा तयार बायनरी फॉरमॅट घ्या. तो आरएफसी ८९४९ (इंटरनेटच्या प्रमाणांचा दस्तऐवज) म्हणून डिसेंबर २०२० पासून प्रमाण आहे. नावांच्या जागी १ ते ५ आकडे दिले तर तुमची हीच नोंद त्यात १५ बाइटची होते, मी मोजून बघितली.

लाइट जाण्याचं म्हणाल तर अर्धवट नोंद होऊच नये अशी हमी ह्या चिपवर देता येत नाही, एक लिहिणं ५ मिलिसेकंदांपर्यंत चालतं आणि तेवढ्यात लाइट जाऊ शकते. पण अर्धवट नोंद ओळखता नक्की येते. पहिल्या १४ बाइटवरून सीआरसी-१६, म्हणजे दोन बाइटचा तपासणीचा आकडा, काढून शेवटी ठेवायचा, वाचताना जुळला नाही तर ती नोंद सोडून पुढची घ्यायची. सीआरसी-१६ चे प्रकार खूप आहेत, त्यामुळे डबीत आणि अॅपमध्ये एकच आहे ना ते बघा. सीसीआयटीटीचा ६५५३५ पासून सुरू होणारा प्रकार घेतलात तर एक ते नऊ हे अंक अॅस्की अक्षरं म्हणून दिल्यावर १०६७३ आलं पाहिजे. आणि ‘एकूण नोंदी किती’ असा आकडा पहिल्या पानावर दर वेळी बदलत बसू नका, तीच एक जागा झिजते. वापरायच्या आधी चिप २५५ ने भरून घ्या, आवृत्तीचा बाइट २५५ दिसला की तिथून पुढे रिकामं असं समजायचं.

कामगारांची नावं पण घालायची असतील तर ती नोंदीत नको, सुरुवातीच्या काही पानांवर यादी करा आणि नोंदीत नंबर द्या. तुमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही नावं असणार आणि तिन्ही लिप्या ३ बाइटच्याच आहेत. २० बाइटचा रकाना ठेवून ‘सोलापूर’ लिहून बघा, २१ बाइट लागतात, शेवटचा ‘र’ अर्धा तुटतो आणि स्क्रीनवर चौकट दिसते. तोडायचंच तर अक्षराच्या कडेवर तोडा. आणि एखादा कामगार सोडून गेला तर त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका, नाहीतर जुन्या पाळ्या नव्या माणसाच्या नावावर लागतील.

ते तीन राखीव बाइट. पुढे माग किती मिनिटं बंद होता ते हवं झालं तर १२ तासांची ७२० मिनिटं एका बाइटमध्ये बसत नाहीत, दोन वापरा आणि आवृत्ती २ करा. अॅपने आवृत्ती १ च्या नोंदीला ‘नोंद नाही’ दाखवायचं, शून्य नाही. नाहीतर पप्पांना वाटेल की गेल्या वर्षी माग कधी थांबलेच नाहीत.

आणि तो करार. माझी स्वतःची एक फाइल दोन वर्षांनी मलाच उघडता आली नव्हती, कुठला बाइट कशाचा ते डोक्यात होतं आणि डोक्यातून गेलं, रात्रभर बसून अंदाज लावत होते. तुम्ही एका वहीच्या पानावर सोळा रकाने आखा, प्रत्येकाखाली अर्थ लिहा, छोटा बाइट आधी हे लिहा, सीआरसीचा प्रकार लिहा, आणि खाली हीच नोंद उतरवा: १, १७, २, ५५, ७, ८२, १८८, ०, ०, ९, ०, ०, ०, ० आणि मग तपासणीचे दोन. डबीने हेच लिहिलं आणि अॅपने ह्याचं १७ नंबरचा माग, दुसरी पाळी, २१ जानेवारी असं वाचलं की ते पान डबीच्या झाकणाला आतून चिकटवा आणि एक फोटो पप्पांच्या मोबाइलवर पाठवा.