मासे पकडायच्या स्पिनिंग रीळवर ब्रेड (बारीक धागे विणून केलेली लाइन) सारखी गुंतते, मोठा मासा लागला की नंतर जास्तच. दुकानदार म्हणतो महागातली घ्या. घेऊ, की परत मोनो (एकाच नायलॉन धाग्याची लाइन) लावू?

दोन्ही नको. आहे तीच ब्रेड ठेवा. खरं तर उत्तर देणार नव्हतो, पण "लाइनच खराब आहे" हे वाक्य मी दरवर्षी घरात ऐकतो म्हणून लिहायला बसलो.

आमचे भावोजी पुण्याचे. गणपती विसर्जन झालं की रॉड घेऊन रत्नागिरीत हजर. गेल्या वर्षी संध्याकाळी मिऱ्याच्या बंधाऱ्यावर गेलो, समोरून चांगला वारा होता आणि त्यांची लाइन सारखी गुंतत होती, आणि प्रत्येक वेळी ब्रेडला शिव्या, मग कात्री, मग नवीन लीडर (लाइनच्या टोकाला बांधायचा वेगळा तुकडा) बांधणं. मी शेजारी उभा राहून नुसतं बघितलं. ते कास्ट करतात, ल्युअर (नकली आमिष) पाण्यात पडते, आणि लगेच हँडल फिरवतात म्हणजे बेल (लाइन गुंडाळून घेणारी तारेची कमान) आपोआप खटकन पडते. पण तोपर्यंत वाऱ्याने लाइनला हा मोठा झोल आलेला असतो, तो सगळा ढिला झोल तसाच स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या रिळावर, जातो. नीट बघितलं तर स्पूलच्या कडेला एक छोटा फास बाहेर आलेला दिसतो. त्याच्यावर घट्ट वेढे बसतात, पुढच्या कास्टला बाहेर जाणारी लाइन तो फास आणि खालचे पाच-सहा वेढे एकदम ओढून नेते आणि रॉडच्या पहिल्या गाइडला (लाइन जाते त्या कडीला) गच्च. मोनो ताठ असते म्हणून हे कमी होतं, ब्रेड दोऱ्यासारखी मऊ, तिला झोल चालतच नाही.

कात्री काढून घेतली त्यांच्या हातातून. गाठ ओढायची नाही, ओढली की संपली. ओली केली, सेफ्टी पिनने एकेक फास बाहेरच्या बाजूला सैल करत गेलो, सुटली. मग त्याच रॉडने, त्याच लाइनने मी टाकायला लागलो. ल्युअर पाण्याला टेकायच्या आधी तर्जनी स्पूलच्या कडेला लावून लाइन आवरायची, बेल हातानेच बंद करायची, लाइन हाताने ओढून ताणून घ्यायची आणि मगच हँडल. अंधार पडेपर्यंत एक गाठ नाही. तर भावोजी म्हणतात, "आता वारा पडलाय." अहो भावोजी, वारा पडला नव्हता, तुमची टोपी त्यानंतर उडाली!

त्यांची दुसरी सवय, आणि मला वाटतं तुमचीही असेल कारण तुम्ही लिहिलंय की मोठा मासा लागल्यावर नंतर जास्त गुंतते. मासा ड्रॅग (जोर आला की लाइन सोडणारा रीळचा ब्रेक) ओढत असतो तेव्हा हँडल फिरवायचं नाही. ५.२:१ च्या रीळवर हँडलच्या एका फेऱ्यात बेल स्पूलभोवती ५.२ वेळा फिरते, म्हणजे लाइनला पाच पीळ. मोनोवर पीळ लगेच दिसतो, ब्रेड लपवून ठेवते आणि लाइन ढिली पडली की दाखवते. तसा पीळ पडला असेल तर ल्युअर काढा, भाट्याच्या खाडीत किंवा तुमच्याकडे जी असेल तिथे ओहोटीच्या धारेत नुसती लाइन सोडा आणि बोटांच्या चिमटीत धरून ताणात परत गुंडाळा.

पॉपरला (पाण्यावर झटक्याने चालवायच्या ल्युअरला) झटके देतानाही तेच, प्रत्येक झटक्यानंतर जी ढील येते ती ताणून मग गुंडाळायची.

हां, स्पूल काठोकाठ भरलाय का तेही बघा, दीड-दोन मिलिमीटर कड मोकळी हवी. आणि लाइन रोलर (बेलवरची छोटी चाकी) मिठाने जाम झाला असेल तर वरचं सगळं करूनही पीळ पडणारच, गोड्या पाण्याने धुवून तेलाचा थेंब टाका. अगदी हलकी ल्युअर समोरच्या वाऱ्यात मारणार असाल तर मात्र थोडाफार त्रास होणार, तिथे वजनदार जिग (धातूची जड ल्युअर) लावलेली बरी.

मोनोबद्दल भावोजींचं एक मी मान्य करतो, खडपात तळाला कोळंबी लावून गळ टाकायचा असेल तर मोनोच लावा, कालवांवर ब्रेड घासली की तुटलीच. पण ल्युअर फेकायला नाही. आणि यंदा विसर्जनानंतर ते आले की मी बेल बंद करायला त्यांचा डावा हात धरून दाखवणार आहे, चिडले तरी चालेल.