वडिलांचे जुने घड्याळ ऑनलाइन लिलावात विकताना

प्रश्न : माझ्या वडिलांनी 1968च्या सुमारास घेतलेले ओमेगा कंपनीचे ‘स्पीडमास्टर’ हे चावीचे घड्याळ माझ्याकडे आहे. ते चालू आहे. मात्र काचेवर ओरखडे आहेत, डायल थोडी विटली आहे आणि मूळ खोके उरलेले नाही. घड्याळ ऑनलाइन लिलावात विकण्यापूर्वी केसला (म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला) पॉलिश करून डायल नव्याने रंगवून घ्यावी, म्हणजे किंमत वाढेल, असे एका दुरुस्ती कारागिराने सुचवले आहे. तसे करावे का? बोली किती रकमेपासून सुरू करावी?

उत्तर : डायल रंगवू नका आणि केसला पॉलिशही करू नका. आपल्याला सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, परंतु रोजच्या वापराच्या घड्याळाला जो न्याय लागू पडतो, तो संग्राहकांच्या बाजारात उलटा ठरतो. कारखान्यात घडलेल्या केसच्या कडांची धार एकदा घासली गेली, की ती पूर्वीसारखी परत आणणे जवळपास अशक्य असते, आणि नव्याने रंगवलेल्या डायलवरची अक्षरे जाणकाराच्या भिंगातून क्षणात ओळखू येतात. विटलेली पण मूळ डायल ही आपल्या घड्याळाची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. काचेवरच्या ओरखड्यांचीही चिंता नको; त्या काळातील स्पीडमास्टरची काच प्लास्टिकच्या जातीची असे आणि ती घासून स्वच्छ करता येते, त्यामुळे तो निर्णय खरेदीदारावर सोडावा.

आपण सांगितलेले वर्ष महत्त्वाचे आहे, कारण याच सुमारास कंपनीने या घड्याळातील जुने 321 क्रमांकाचे यंत्र बदलून 861 क्रमांकाचे यंत्र बसवायला सुरुवात केली होती आणि 321 असलेल्या घड्याळांना संग्राहकांची मागणी अधिक आहे. डायलवरचे कंपनीचे चिन्ह धातूचे बसवलेले आहे की रंगाने छापलेले आहे, यावरून थोडा अंदाज येतो. पण बदलाच्या काळातील काही घड्याळांत चिन्ह जुन्या पद्धतीचे आणि यंत्र नवे असेही आढळते. म्हणून जाणत्या कारागिराकडून मागचे झाकण उघडून घ्या, झाकणाच्या आतील मॉडेल क्रमांक व यंत्रावरील अनुक्रमांक पाहा आणि दोन्हींची स्पष्ट छायाचित्रे काढा. जाहिरातीत मात्र अनुक्रमांकाचे शेवटचे काही आकडे झाकावेत, म्हणजे त्याचा गैरवापर होणार नाही. काचेभोवतीच्या काळ्या कडीवर 90 या आकड्याजवळ एक ठिपका असतो. जुन्या कड्यांवर तो आकड्याच्या वर असे आणि तशी मूळ कडी टिकली असेल तर तिच्यामुळेही किमतीत चांगला फरक पडतो.

रात्री चमकणारा रंगही तपासा. त्या काळी त्यात ट्रिटियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असे आणि त्याची तीव्रता सुमारे 12.3 वर्षांत निम्मी होते. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही काटे तासन्‌तास लख्ख चमकत असतील, तर ते बदलले गेले आहेत किंवा त्यांवर नवा रंग भरला आहे असे समजावे आणि तसे वर्णनात लिहावे. आपल्याला ठाऊक असलेली प्रत्येक दुरुस्ती सांगणे हे प्रामाणिकपणाचे तर आहेच, शिवाय विक्रीनंतरच्या वादापासून तेच आपले संरक्षण करते.

या बाजारात विश्वास किती नाजूक आहे, हे एका अलीकडच्या उदाहरणावरून कळते. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हात फिलिप्स या संस्थेच्या लिलावात 1957 सालच्या घडणीचे म्हणून सादर झालेले एक स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. आणि 2023 मध्ये ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केले असल्याचे खुद्द ओमेगा कंपनीने सांगितले. तेव्हापासून खरेदीदार अधिकच बारकाईने पाहतात. म्हणूनच वडिलांच्या हातातील घड्याळाचे जुने छायाचित्र, खरेदीची पावती, दुरुस्तीची चिठ्ठी यांपैकी जे मिळेल ते शोधून काढा. हरवलेल्या खोक्यापेक्षा अशा कागदाचे मोल मला अधिक वाटते.

बोलीची रक्कम ठरवताना विक्रेते मागत असलेल्या किमती पाहू नका, त्याच मॉडेलची तशाच अवस्थेतील घड्याळे प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा. आरंभीची बोली कमी ठेवली तर अधिक लोक उतरतात. मात्र त्याखाली विकायचेच नाही अशी राखीव किंमत आधी नोंदवून ठेवावी. ती फार उंच ठेवू नये, कारण न विकलेले घड्याळ लगेच पुन्हा लिलावात आले की त्यात काहीतरी खोट असावी असा समज होतो. अनेक लिलावांत विक्रेत्याप्रमाणे खरेदीदारालाही शुल्क द्यावे लागते. ते 25 टक्के असेल, तर एकूण 125 खर्चायची तयारी असलेला माणूस 100पर्यंतच बोली लावतो, आणि त्या 100मधूनही आपले कमिशन वजा होते. हा हिशेब करार करण्यापूर्वी लेखी मागावा.

प्रश्न : लिलाव सुरू असतानाच एकाने थेट व्यवहार करून जास्त रक्कम देण्याची तयारी दाखवली आहे. स्वीकारावी का?

उत्तर : स्वीकारू नये. लिलावाबाहेर पडताच संकेतस्थळाचे संरक्षण संपते, बहुधा त्यांचा नियमही मोडतो, आणि पैसे जमा झाल्याचा बनावट संदेश पाठवून वस्तू लांबवण्याचा प्रकार अशाच व्यवहारांत घडतो. रक्कम खात्यात खरोखर जमा झाली आहे, याची स्वतः खात्री करूनच पूर्ण किमतीचा विमा उतरवून घड्याळ पाठवावे. पाठवण्याच्या दिवशी यंत्रावरील क्रमांकाचे छायाचित्र आणि खोके बंद करतानाचे सलग चित्रीकरण जपून ठेवावे, म्हणजे परत आलेले घड्याळ आपलेच आहे की दुसरे, हे सिद्ध करता येईल. पट्टा मगरीच्या कातड्याचा असेल, तर परदेशी पाठवताना तो काढून ठेवावा. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे अशी पार्सले सीमाशुल्क विभागात अडकतात.