मत्स्यबीज सोडूनही नदीतले मासे का घटतात?

प्रश्न : आमचे गाव भोगावतीच्या काठी आहे. वडिलांच्या वेळी बंधाऱ्याखाली वाम, शिंगटा, मरळ सहज मिळत. आता जाळ्यात बहुतेक चिलापीच येते. तलावांत दरवर्षी मत्स्यबीज सोडले जात असताना असे का व्हावे? आणि मासे घटले, हे अभ्यासक मोजतात तरी कसे?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : आपल्या निरीक्षणाचे एक मोठे कारण थांबलेल्या पाण्यात आहे. पावसाळा संपून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या, घातले, की पुढच्या पावसापर्यंत वाहती नदी म्हणजे संथ डोहांची रांग होते. १९५२ मध्ये भारतात आलेल्या, मूळच्या आफ्रिकेतल्या चिलापीला असे पाणी मानवते. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विणीला येते. याउलट चढणीचे मासे, म्हणजे विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे, पहिल्या पावसाच्या प्रवाहावरच अवलंबून असतात. पाऊस लवकर आला आणि बरगे काढायचे राहिले, तर अंड्यांनी भरलेल्या माद्या बंधाऱ्याखालीच अडकतात आणि नेमक्या तिथेच त्या पकडल्याही जातात. उन्हाळ्यात याच डोहांत सांडपाणी साचते आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पाणी तापले की मुळातच त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यातून भोगावती जिला मिळते त्या पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतो.

मत्स्यबीज हा वेगळा विषय आहे. तलावात सोडली जाणारी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ यांची, म्हणजे उत्तरेतल्या नद्यांच्या माशांची असतात, आणि हे मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवली, आणि त्यातूनच पुढे बीज केंद्रांत तयार होऊ लागले. मच्छीमार संस्थांच्या सभासदांची घरे त्यावर चालतात व ती चालावीत. परंतु त्याला नदीचे संवर्धन म्हणणे मला मान्य नाही, कारण त्याने आपली वाम परत येत नाही.

आता मोजणीविषयी. एक रीत अशी, की काही मासे पकडून, खूण करून सोडायचे आणि काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकायचे. समजा, २०० माशांना खूण केली आणि दुसऱ्या खेपेस मिळालेल्या १५० पैकी १० खुणेचे निघाले, तर एकूण मासे २०० गुणिले १५० भागिले १०, म्हणजे सुमारे ३,००० असावेत. मात्र मधल्या काळात मासे बाहेर जाता कामा नयेत. वाहत्या नदीत ही अट पाळली जाणे कठीण. बरगे घातलेल्या डोहात ती पुष्कळ अंशी पाळली जाते.

दुसरी रीत आपल्यालाही जमेल. ‘आज पाच किलो मिळाले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. दोन तासांत मिळाले की रात्रभर जाळे लावून, हे सोबत लिहिले तरच गेल्या वर्षाशी तुलना होते. म्हणून वहीत तारीख, जाळ्याची लांबी व आस (जाळ्याच्या छिद्राचे माप), जाळे पाण्यात राहिलेले तास, जातवार वजन आणि प्रत्येक जातीच्या काही माशांची लांबी नोंदवावी, कारण सरासरी लांबी वर्षानुवर्षे घटत गेली, तर मोठे, अंडी देणारे मासे संपत आल्याचे ते बहुधा लक्षण असते. त्याच वहीत बंधाऱ्याचे बरगे काढल्याची आणि पहिली चढण दिसल्याची तारीखही जरूर लिहावी.