फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकायचा?

तुम्ही विचारलंय: गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटचा १५ अँपिअरचा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला, इलेक्ट्रिशियन ३० चा टाकू म्हणतो, टाकू का?

अजिबात नाही. फ्यूज सॉकेटला लावलेल्या चार्जरला वाचवत नाही, वायरला वाचवतो. वायरची जाडी बघून कंपनी फ्यूज ठरवते. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते.

माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. निळा १५ चा दोनदा उडाला म्हणून कोणीतरी हिरवा ३० चा बसवलेला. टायरमध्ये हवा भरायचा पंप अडकला आणि मोटर २५ च्या आसपास करंट ओढत राहिली. एवढ्या करंटला १५ चा फ्यूज फार तर मिनिटभरात तुटला असता; ३० चा तुटायचं कारणच नव्हतं. डॅशबोर्डखालची टेप उघडली तर सॉकेटची वायर काळी पडलेली, शेजारच्या दोन वायरी तिला वितळून चिकटलेल्या. फ्यूज मात्र धडधाकट! पंपाऐवजी सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलावा लागला. ‘फ्यूज बारीक पडतो’ म्हणणाऱ्यांनी ती वायर हातात घेऊन बघावी. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणं किंवा तांब्याची तार घालणं तर याहून वाईट.

आता तुमचं. सॉकेटमधलं सगळं काढा, आत नाणं किंवा पिन पडलीय का बघा. फ्यूज काढून त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांमध्ये २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा आणि चावी ऑन करा. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. मग हार्नेस जागोजागी हलवत जा; जिथे बल्ब मिचकेल तिथे शोधा. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेलं पुष्कळदा सापडतं. बल्ब पेटलाच नाही तर वायर बहुधा ठीक आहे, दोष तुम्ही लावता त्या वस्तूत.

नवा फ्यूज निळाच घ्या, पण त्यावरचा आकडा वाचून आणि जुन्याच आकाराचा. मिनी आणि साधा एकमेकांच्या जागी बसत नाहीत. फ्यूजची पकड सैल किंवा गंजलेली असेल तर तिथेही तापतं, म्हणून प्लास्टिक पिवळं पडलंय का पाहा.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: बॅटरीजवळच्या बोल्टच्या मोठ्या फ्यूजला बॅटरीचं निगेटिव्ह काढल्याशिवाय हात लावू नका. एअरबॅगचा फ्यूज आणि हायब्रिड, इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल घरी उघडायच्या नाहीत.