ट्रॅमाडॉलच्या गोळ्या बंद केल्यावर होणारा त्रास किती दिवस सोसावा लागतो?

आपण लिहिले आहे की गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेल्या ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या आपण दीड वर्ष घेत आहात, आता त्या रोज सहा होतात, दोन वेळा बंद करून पाहिल्या पण दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा घ्याव्या लागल्या, आणि घरी यातले काहीच कोणाला ठाऊक नाही. हा त्रास किती दिवस सोसला म्हणजे संपतो, एवढेच आपल्याला हवे आहे.

आधी तेवढ्याचे उत्तर देतो. साध्या गोळीचा त्रास शेवटच्या गोळीनंतर साधारणपणे १२ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि आठवडाभरात त्याचा जोर ओसरतो; तुटक झोप, उदासपणा आणि गळाठा मात्र पुढे काही आठवडे रेंगाळतो. हिशेबाने पाहिले तर आपण दोन्ही वेळा घाटमाथ्यावरूनच मागे फिरलात. तरीही ‘मग तिसऱ्या खेपेला आणखी दोन दिवस दात-ओठ खाऊन काढतो’ असा अर्थ कृपया यातून काढू नका. मी तो काढला होता.

मी डॉक्टर नाही. कराडजवळच्या एका पतसंस्थेत लेखापाल आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये माझ्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिवसातून तीनदा, दहा दिवसांसाठी लिहून मिळाली. दहा दिवसांचे अकरा महिने कसे झाले, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. दुखले की घ्यायची, मग दुखेल म्हणून घ्यायची, मग झोप लागावी म्हणून, आणि पुढे सकाळी उठल्यावर अंग जड वाटते म्हणून. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोजच्या आठ गोळ्या झाल्या. एका दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून मी दोन दुकाने धरली होती आणि जुन्याच चिठ्ठीची घडी दोन्हीकडे दाखवत होतो.

२०२२ च्या दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, मनाशी सीमोल्लंघन करायचे ठरवून मी गोळी एकदम थांबवली. संध्याकाळी आपट्याची पाने वाटून घरी आलो तोवर एकामागून एक जांभया सुरू झाल्या होत्या आणि डोळ्यांतून व नाकातून पाणी गळत होते. दुसऱ्या दिवशी अंगावर सारखा काटा, घाम, पोटात पिळवटून येणारी कळ आणि जुलाब. रात्री पोटऱ्यांत असे काही वळवळत असे की पाय झाडल्यावाचून राहवत नसे. उठून ओसरीत फेऱ्या मारायच्या, पुन्हा आडवे व्हायचे, पुन्हा उठायचे, आणि पहाटेच्या पहिल्या एसटीचा आवाज आला की समजायचे, एक रात्र गेली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होऊ लागले आणि कारण नसताना छातीत धडधड व भीती. पत्नीला डेंग्यूची शंका आली. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, प्लेटलेट नीट निघाल्या, सलाईन लावून घरी पाठवले. गोळ्यांबद्दल त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. चौथ्या रात्री मी पुस्तकामागे ठेवलेली पट्टी काढून दोन गोळ्या घेतल्या. पाऊण तासात पोट शांत, पाय शांत, भीती गेलेली. पत्नी म्हणाली, “अहो, सलाईनचा गुण आला बघा.” कशाचा गुण आला, ते मला कळून चुकले होते, आणि त्या चार दिवसांत मला सर्वांत जास्त लाज वाटली ती त्या क्षणी.

पुढे ज्या मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितले की यात मनाच्या दुबळेपणाचा संबंध फारच थोडा आहे. ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातले औषध आहे, सौम्य असले तरी त्याच घराण्यातले. ते रोज मिळू लागले की मेंदूतली जागे ठेवणारी, सावध ठेवणारी यंत्रणा दबते आणि त्या दडपणाविरुद्ध आपला जोर हळूहळू वाढवत नेते. बाहेरून कोणी दार ढकलत असताना आपण आतून खांदा लावून उभे राहावे आणि बाहेरच्याने अचानक हात काढून घ्यावा, तसे आपण तोंडावर आपटतो. घाम, धडधड, जुलाब, जागरण ही सगळी त्या आपटण्याची रूपे आहेत. ट्रॅमाडॉलची आणखी एक खोड अशी की ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या मेंदूतल्या रसायनांवरही, काही उदासीनताविरोधी औषधांसारखेच, काम करते. त्यामुळे ते सुटताना काहींना अफूच्या नेहमीच्या त्रासाबरोबर विजेचे झटके, घबराट, हातापायांत विचित्र मुंग्या, क्वचित गोंधळलेपण असा वेगळा त्रासही होतो. मला झटक्यांनी वेड लागल्यासारखे वाटले होते. त्याला कारण आहे, एवढे समजल्यानेच निम्मी भीती गेली. गर्द ओढणारी मुले याच अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. तो शब्द मी ऐकलेला होता, पण तो आपल्यासारख्या चष्मा लावून खतावणी लिहिणाऱ्या माणसासाठी नाही असे मला वाटत असे.

त्यांनी शरीराला लागलेली सवय आणि व्यसन यांत फरक करून सांगितला: पहिली गोष्ट काही आठवडे नियमाने औषध घेणाऱ्या कोणालाही होऊ शकते, तर व्यसनात लपवाछपवी, नुकसान दिसत असूनही घेत राहणे, सारखी ओढ हे सगळे येते. बरेच लोक पहिल्या बाजूवर बोट ठेवून स्वतःची सुटका करून घेतात. मी दोन दुकाने धरली होती, तेव्हा माझ्याकडे दोन्ही थोडे थोडे होते असे मी मान्य केले. आपले आपण पाहावे. उपचार सुरू करण्यासाठी ते आधी ठरलेच पाहिजे असे नाही.

आता गोळ्या कशा उतरवल्या ते सविस्तर सांगतो, कारण सर्वांत मोठी चूक याच हिशेबात होते. मला वाटले होते, दर पंधरवड्याला एक गोळी कमी, म्हणजे सोळा आठवड्यांत काम फत्ते. डॉक्टरांनी विचारले, “पतसंस्थेत काम करता ना? मग घटत्या शिलकीचा हिशेब विसरलात कसे?” आठावरून सातावर येताना आठवा हिस्सा जातो, दोनावरून एकावर येताना निम्मे औषध जाते. शरीर गोळ्या मोजत नाही, शिलकीतला वाटा मोजते. म्हणून आठ ते चार हा प्रवास पूर्ण गोळीने, चारापासून दोनापर्यंत अर्ध्या गोळीने, आणि दोनापासून शून्यापर्यंत अर्ध्याच गोळीने पण पंधरा दिवसांऐवजी तीन-तीन आठवडे थांबत. मार्चअखेर आली तेव्हा मी अडीच गोळ्यांवर होतो आणि रात्री अकरापर्यंत ताळेबंद चालत होता. त्यांनी तो पूर्ण महिना तिथेच थांबायला सांगितले. थांबायला हरकत नाही, मागे जायचे टाळायचे. डिसेंबर २०२२ ला सुरुवात केली आणि २०२३ च्या आषाढी एकादशीच्या आठवड्यात शेवटची अर्धी गोळी झाली, म्हणजे साधारण सात महिने. वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची २०२२ ची मार्गदर्शक सूचना महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही हळू घट सुचवते. त्या मानाने माझी गती वेगवानच होती. आपली गती आपल्या डॉक्टरांनी ठरवावी, माझा तक्ता उचलू नये.

अर्धी गोळी करायला आमच्या घरात आईचा सुपारीचा अडकित्ता निघाला. पहिल्या दिवशी एक तुकडा सरळ कपाटाखाली उडाला आणि मी ज्या तातडीने पोटावर पडून तो शोधला, ते दृश्य मी विसरलेलो नाही. पुढे औषधाच्या दुकानातून गोळी कापायची लहान डबी आणली. मात्र गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ असेल, म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी असेल, तर ती तोडू किंवा चुरडू नये; दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. अशी गोळी असल्यास कमी ताकदीची किंवा साधी गोळी डॉक्टर बदलून देतात.

प्रत्येक पायरीनंतर तीन-चार दिवस चिडचिड, जांभया आणि पातळ शौच होत असे, पण दसऱ्याच्या मानाने ते काहीच नव्हते. ओआरएसचे पाणी, मऊ भात, रात्री गरम पाण्याने आंघोळ आणि पोटऱ्यांना तेल, एवढ्याने बरेच निभावले. एका पायरीला त्यांनी थोडे दिवस क्लोनिडिन दिले होते. घाम आणि धडधड यांवर ते चालते, पण रक्तदाब उतरवते, म्हणून रक्तदाब तपासूनच. जुलाबावर लोपेरामाइड चालते, पण सांगितलेल्या मात्रेतच. त्याचा अतिरेक हृदयाच्या ठोक्यांवर जातो. ज्यांची मात्रा फार मोठी आहे किंवा ज्यांना अशी उतरंड जमत नाही, त्यांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन देतात. मला ती लागली नाही, पण ती कोणाकडून मिळवून स्वतः घेऊ नये. आधीचे औषध अंगात असताना घेतली तर सगळा त्रास एकदम उसळतो.

पाठीचे दुखणे प्रत्येक घटीनंतर परत येई आणि दर वेळी वाटे की मणकाच बिघडला. आठवड्या-दीड आठवड्याने ते आपोआप निवळे. ते जुने दुखणे नसून सुटणाऱ्या औषधाने दिलेली हाक होती. दीर्घकाळ अफूवर्गीय औषध घेतल्याने वेदनेची संवेदना उलट वाढू शकते, हेही मला तेव्हाच कळले. आज माझी पाठ दुखते, पण आठ गोळ्या घेत असताना दुखत होती त्यापेक्षा कमी, आणि फिजिओथेरपीचे व्यायाम चुकवले की जास्त.

काही गोष्टींत मात्र वाट पाहू नका. पूर्वी कधी फिट आली असेल, रोजची मात्रा ४०० मिलिग्रॅमच्या वर असेल, सोबत अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी किंवा दारू असेल, उदासीनतेचे औषध चालू असेल, किंवा आपण गरोदर असाल, तर घरच्या घरी एकही पायरी उतरू नका. जीव नकोसा वाटू लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणखी एक: काही आठवडे बंद ठेवल्यानंतर शरीराची जुनी सहनशक्ती राहिलेली नसते, अशा वेळी एखाद्या वाईट रात्री पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणूनच उरलेल्या पट्ट्या घरात ठेवायच्या नाहीत.

डॉक्टर पोलिसांना कळवतील, ही भीती मलाही होती, कारण एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले आहे. डॉक्टरांनी लिहिलेले औषध घेणे हा गुन्हा नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपल्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढावा. पुण्याच्या बाजूला असाल तर डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. कोठे जावे हेच सुचत नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे.

घरी सांगायचे की नाही, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. मी पत्नीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने पुस्तकांमागच्या, स्कूटरच्या डिकीतल्या आणि देव्हाऱ्याखालच्या पट्ट्या माझ्याकडूनच गोळा करून घेतल्या आणि कपाटात कुलूपबंद केल्या. त्या दिवसापासून रोजच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायचे काम तिचे आणि वहीत तारीख टाकून सही करायचे माझे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर खरा आकडा लिहा: गोळीचे नाव, ताकद, दिवसाला किती, कधीपासून, आणि सोबत आणखी काय काय घेता. मी पहिल्या भेटीत आठाच्या जागी पाच सांगितल्या होत्या. त्यांनी पाचावरून उतरंड आखली आणि पहिल्याच आठवड्यात माझा दसरा पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या भेटीत खरे सांगितल्यावर त्यांनी काहीही न बोलता तो कागद फाडून नवा लिहिला. भेट होईपर्यंत सहाच्या सात करू नका, आणि स्वतःच्या मनाने शून्यही करू नका.